घडीवर फाटलेल्या मोडी खरेदीखताची दुरुस्ती : माझा अनुभव

आमच्या घरातील मोडी खरेदीखत हातकागदावर बोरूने लिहिलेले असून वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने ते घड्यांवर फाटले होते. अशा वेळी हात चटकन सेलोटेपकडे जातो. परंतु तिचा चिकट थर कालांतराने पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन तर सोडवणे जवळजवळ अशक्यच, म्हणून दोन्ही मार्ग टाळले.

मऊ ब्रशने धूळ काढली. काजळीच्या शाईत डिंक असल्याने ती पाण्याने सुटू शकते, म्हणून ओलसर कापूस एका टिंबावर टेकवून पाहिला, तर त्यावर करडा डाग उमटला. त्यामुळे कागद धुण्याचा विचार सोडला आणि बंद डब्यात, पाण्याचा स्पर्श होऊ न देता, जाळीवर ठेवून केवळ दमटपणाने घड्या सैल केल्या.

जोडासाठी कोझो या तुतीच्या कुळातील झाडाच्या तंतूंचा पातळ जपानी कागद घेतला. पाण्याची रेघ ओढून तो हातानेच फाडला, कारण मग कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ शिजवून, गाळून, अगदी कमी प्रमाणात पट्टीला लावली आणि पट्टी मागच्या कोऱ्या बाजूने बसवली. ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उद्या कोणी अधिक चांगली दुरुस्ती करू इच्छिले तर आपले काम आड येता कामा नये. मग टीपकागदात दाबून वाळवले.

गळालेली अक्षरे मी भरली नाहीत. दस्त आता आम्लविरहित फोल्डरमध्ये, घडी न घालता, भिंतीपासून दूर ठेवला आहे.