लोअर आर्मचा बुश ओला दिसतोय? आधी ते तेल कुठून आलं ते शोधा

पुण्यात गाडी चालवायची म्हणजे सस्पेन्शनची परीक्षा रोजचीच. गल्लीत कुणीतरी हौसेनं घालून घेतलेले उभट स्पीडब्रेकर, केबलसाठी खोदून अर्धवट बुजवलेले चर, पावसात पाण्याखाली गडप झालेली ड्रेनेजची झाकणं. मग सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढते आणि मेकॅनिक टॉर्च मारून सांगतो, "साहेब, आर्मचा बुश लीक आहे, बदलावा लागेल."

लगेच हो म्हणू नका. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला धक्के पचवणारा रबरी तुकडा. अल्टो, वॅगनआर अशा छोट्या गाड्यांच्या लोअर आर्मच्या बुशमध्ये तेल नसतंच. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी लोखंडी नळी आणि दोहोंच्या मधे पक्कं चिकटवलेलं रबर, एवढाच त्याचा कारभार. काही महागड्या, बहुतेक युरोपीय गाड्यांत द्रव भरलेले हायड्रॉलिक बुश असतात. ते फुटले की आतलं ग्लायकॉलसारखं पातळ पाणी झिरपतं आणि बुशखाली काळपट ओघळ दिसतो. असा बुश पुन्हा भरता येत नाही, बदलावाच लागतो. साध्या रबरी बुशवर मात्र तेल दिसलं, तर ते दुसरीकडून येतंय. आणि पेट्रोलियम तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, मग धातूपासून सुटतं. गळती तशीच ठेवून नवा बुश बसवला, तर तोही त्याच वाटेनं जाणार.

तेव्हा पहिलं काम पानं-हातोडीचं नाही, फडक्याचं. इंजिन थंड असताना आर्म, शॉकर आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) भाग डिग्रीझर आणि ब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा. धुवून लगेच बघितलं तर सगळंच ओलं दिसतं. कात्रजला किंवा सिंहगड रोडला एक नेहमीची चक्कर मारा, रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी टॉर्च घेऊन बघा. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे उडतं. म्हणून डाग जिथे आहे त्याच्या वर आणि पुढे शोधायचं.

इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचं तेल बरेचदा लालसर असतं. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर गोलाकार काळं ग्रीस उडालेलं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटलाय. हा प्रकार फार सर्रास आढळतो आणि वेळेत बूट बदलला तर जॉइंट वाचतो. शॉकरच्या दांड्याखालून धूळ चिकटलेला तेलकट पट्टा आर्मपर्यंत आला असेल तर शॉकरचं सील गेलंय. हलका पिवळसर, निसरडा आणि रंगाची सालपटं काढणारा द्रव चाकाच्या आतून येत असेल, तर तो ब्रेक ऑइल असू शकतो. मग बोनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पातळी उतरली असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

आता प्रश्न उरतो, बुश खरंच गेलाय का. गाडी बोलते, फक्त कोणता आवाज कुणाचा ते ओळखायचं. बारीक खड्ड्यांवर पटापट खडखड होत असेल तर मी आधी स्टॅबिलायझर लिंकवर, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या दांड्याच्या जोडणीवर संशय घेतो. आर्मचा बुश सहसा वेगळं वागतो: स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना एकच 'टक्', ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं, टायर आतल्या कडेला झिजतो. रिकाम्या जागेत अगदी हळू पुढे घेऊन ब्रेक मारा, मग रिव्हर्स घेऊन मारा. दोन्ही वेळा दिशा बदलताना टक् वाजलं तर आर्मकडे वळा.

खात्री टॉमीनं, म्हणजे लांब लोखंडी पहारीनं करायची. आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिथे बसतो त्या खालच्या चौकटीच्या) मधे टॉमी घालून हलक्या हातानं उचला. रबर थोडं दबणारच, ते त्याचं कामच आहे. पण आतली नळी रबरापासून वेगळी हलत असेल, धातू धातूला टेकत असेल किंवा चीर आरपार गेली असेल, तर बुश संपला. वरवरच्या बारीक भेगा जुन्या गाडीत असतातच. तेवढ्यावरून कुणी घाई करत असेल तर डाव्या-उजव्या बाजूची तुलना दाखव म्हणावं. त्याच वेळी बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या गोल सांध्याचा खेळही तपासा.

बदलताना दोन वाटा आहेत. फक्त बुश घेतला तर तो शेकड्यांत मिळतो, पण दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्यानं ठोकून बसवणारे भेटतात. आर्मचं भोक वाकडं करण्याचा तो खात्रीचा उपाय आहे. दुसरी वाट म्हणजे बॉल जॉइंटसह अख्खा नवा आर्म. तो महाग पडतो, पण बॉल जॉइंटही ढिला असेल तर माझ्या मते तोच घ्यावा. सुटे भाग नाना पेठेत मिळतात. जाताना गाडीचं मॉडेल, साल आणि चेसिस नंबर लिहून न्या, जुन्या बुशचा फोटोही.

काम घरी करणार असाल तर जागा सपाट हवी, सोसायटीच्या उतारावरची पार्किंग चालणार नाही. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅकनं उचलून गाडी लोखंडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये, डोकं तर लांबच.

चाक काढा. स्टॅबिलायझर आर्मला जोडलेला असेल तर तो सोडवा. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो बॉल जॉइंटच्या दांड्याच्या खाचेतून जातो. आर्म टॉमीनं खाली दाबून सोडवा. इथे एक सांभाळा: आर्मपासून सुटलेला चाकाकडचा वरचा भाग बाहेर ओढला गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. म्हणून तो चाकाकडचा भाग तारेनं शॉकरला बांधून ठेवा, म्हणजे ब्रेकच्या होजवरही ताण येत नाही. मग आर्मचे सबफ्रेमकडचे बोल्ट काढले की आर्म हातात येतो.

तो लेथ किंवा प्रेसवाल्याकडे न्या आणि तिथून हलू नका. जुना बुश काढायच्या आधी त्याच्या खुणांची आणि रबरातल्या फटींची दिशा फोटोत घ्या. काही बुश ठरावीक दिशेनंच बसतात. दाब बाहेरच्या लोखंडी नळीवर यायला हवा, रबरावर नाही. बरोब्बर मापाची गोटी (सॉकेट) वापरली की झालं. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही. घसरण हवीच असेल तर साबणाचं पाणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईच्या गॅरेजात हमखास वगळलं जाणारं. साधा बुश फिरत नाही, त्यातलं रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच अवस्थेत पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, ओल्या कपड्यासारखं. असा बुश लवकर फाटतो आणि दोष स्पेअर पार्टवर जातो. म्हणून बुशचे बोल्ट आधी फक्त हातानं बसवा. बॉल जॉइंटचा बोल्ट मात्र तिथेच आवळून घ्या. मग चाक लावून गाडी जमिनीवर उतरवा, एक-दोनदा दाबून उसळू द्या आणि त्यानंतरच बुशचे बोल्ट शेवटचे आवळा. खाली हात पोचत नसेल तर पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवा, वजन चाकांवरच राहतं. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजानं नको. सेल्फ-लॉकिंग नट नवे वापरा.

दोन्ही बाजूंचे बुश एकाच वयाचे असतात, त्यामुळे एक गेला असेल तर दुसराही सोबत बदललेला बरा. मूळची गळती अर्थात तोवर बंद झालेली हवी. काही दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा तपासा आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, मर्यादेत बसतच नसेल तर आर्म किंवा सबफ्रेम वाकलेली असू शकते, आणि ते काम पार्किंगमधलं नाही.