रबर करपतं ते बहुधा प्रेसच्या आधीच: या चुका टाळा

सोलापुरात रबराचं झाड नाही; कच्च्या रबराची शीट येते ती बहुतेक केरळातून. यंत्रमागाचे बफर, बुश, गॅस्केट असा माल काढताना तो बिघडला की पहिला आळ प्रेसवर, म्हणजे गरम साचा दाबणाऱ्या यंत्रावर येतो. खरं तर घोटाळा त्याआधीच झालेला असतो.

शीट न पारखता घेणं. झाडाच्या चिकात रबर ३० ते ४० टक्केच, बाकी बहुतेक पाणी. फॉर्मिक आम्लाने चीक गोठवतात, रोलखालून काढून सुमारे ३ मिमीची शीट करतात आणि धुरीघरात ४० ते ६० अंशांवर चार-पाच दिवस वाळवतात. तिथे घाई झाली की ओल आत राहते. शीट उजेडासमोर धरा. आरपार मधासारखी दिसली तर ठीक. दुधट डाग म्हणजे ओल. हीच ओल साच्यात वाफ होते आणि माल आतून जाळीदार निघतो. अशी शीट पट्ट्या कापून सावलीत टांगा. ऊन आपल्याकडे फुकट आहे म्हणून गच्चीवर पसरू नका, थेट उन्हात रबर चिकटतं.

गंधक आधी घालणं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच: गंधक उष्णतेने रबर पक्कं करतं, आणि ते साच्याआधीच झालं की रबर करपलं. आधी नुसतं रबर मिलवर (दोन रोलांच्या यंत्रावर) मऊ करा. मग १०० किलोमागे झिंक ऑक्साइड ५ किलो, स्टिअरिक आम्ल २ किलो, त्यानंतर कार्बन ब्लॅक आणि तेल. गंधक २ ते २.५ किलो, तेही अगदी शेवटी आणि हे मिश्रण, म्हणजे कंपाउंड, थंड झाल्यावर.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी दुपारी गरमच येतं. ते रोल काय थंड करणार? टाकी सावलीत घ्या, मिक्सिंग पहाटे उरका आणि रोल ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. हाताच्या अंदाजावर विसंबू नका, थर्मामीटर ठेवा. मिलवरून उतरलेल्या शीट गरम असताना एकावर एक रचल्या तर मधल्या थरातली उष्णता निघत नाही. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की करपण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आधी पंख्याखाली गार करा, मगच रचा.

करपलेलं कंपाउंड खरखरीत, दाणेदार दिसतं आणि साच्यात नीट भरत नाही. ते पुन्हा मिलवर घेऊन सुधारत नाही. चांगल्या कंपाउंडमध्ये थोडं-थोडं खपवायचा मोह तर आवराच, दाणे मालात तसेच राहतात.

वेळ वाचवायला तापमान वाढवणं. पातळ मालाला १५० अंश ठीक. जाड बफर १७० अंशांवर दाबला तर साल जास्त शिजते आणि पोटात कच्चा राहतो. नैसर्गिक रबर अति तापलं की उलट मऊ पडतं. जाड मालाला १४० अंश आणि जास्त वेळ द्या. प्रेसच्या मीटरवर न जाता साच्याचंच तापमान मोजा. सुरुवातीला दोन-तीनदा प्रेस किंचित उघडून हवा सोडा.

मालावर काही दिवसांनी पांढरी भुकटी आली तर बहुधा गंधक जास्त झालंय किंवा नीट मिसळलेलं नाही.

आणि ऑर्डर घेताना एक विचाराच: भागाला वंगणाचं तेल लागणार का? खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगतं. तिथे नायट्राइल, म्हणजे तेलाला टिकणारं कृत्रिम रबरच लागतं, कितीही उत्तम शीट आणली तरी.