अहवाल कोणाच्या हाती जाणार : न्यायसहायक मानसशास्त्रातील काही वर्षे

फॉरेन्सिक सायकॉलॉजी, म्हणजे शासकीय मराठीतले न्यायसहायक मानसशास्त्र, शिकायचे आहे असे सांगत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना गुन्हेगाराचे मन वाचायचे असते. पुण्यात या क्षेत्रात काम करताना माझा जास्त वेळ मात्र कागद वाचण्यात गेला आहे : प्रथम खबरी अहवाल, दोषारोपपत्र, शाळेचा दाखला, रुग्णालयाचे जुने केसपेपर आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवाल. हे सगळे वाचल्याशिवाय मुलाखतीला बसू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

समोर बसलेली व्यक्ती आपल्याकडे आपणहून आलेली नसते आणि आपण लिहिलेला अहवाल तिच्यासाठी नसतो. गुन्ह्याच्या वेळी तिला आपल्या कृत्याचे स्वरूप कळत होते का, हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा (जुन्या दंडविधानातील कलम ८४). आज ती खटल्याला सामोरी जाण्याइतकी सक्षम आहे का, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न. या दोन्ही बाबतींत शेवटचे वैद्यकीय मत मनोविकारतज्ज्ञ देतात आणि मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या त्याला आधार पुरवतात. तिसरे काम मात्र बरेचसे आपल्यावरच येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार, सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करते आणि त्यासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकते. हे मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे, असे कायदाच सांगतो. आरोप अजून सिद्ध व्हायचा असतो. म्हणून मी 'तू असे का केलेस' असा प्रश्न विचारत नाही. बसताच सांगते, ''तू जे बोलशील त्यातलं मी मंडळाला लिहून देणार आहे, सगळं गुपित राहणार नाही. नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस.''

हे शहाणपण मला उशिरा आले. पहिल्याच वर्षी एका संस्थेत सतरा वर्षांच्या मुलाला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) व्यक्तिमत्त्वाची छापील प्रश्नावली देऊन मी शेजारी कागद चाळत बसले. बारा मिनिटांत त्याने ती परत दिली; जवळजवळ सगळीकडे 'होय'वर खूण. 'प्रतिसाद अविश्वसनीय, स्वतःविषयी दिशाभूल करण्याची प्रवृत्ती' असे मसुद्यात लिहून मी मोकळी झाले. माझ्या वरिष्ठ मॅडमनी मसुदा वाचला, प्रश्नावली मागवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून एकच वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले : 'मला वारंवार निरुत्साही वाटते.' तो अडखळला, 'वारं वार' असे दोनदा पुटपुटला आणि म्हणाला, ''कुठल्या वारी, मॅडम?'' चौथीनंतर त्याची शाळा सुटली होती. माझे ते वाक्य मंडळापुढे गेले असते, तर फाइलमध्ये कायमचे राहिले असते.

मग तीन सकाळी बसून मी प्रत्येक विधान त्याच्या बोलीत विचारले. मात्र 'वारंवार'चे 'सारखं सारखं' केले की चाचणी प्रमाणित राहत नाही, म्हणजे तिच्या गुणांची इतरांच्या गुणांशी तुलना करता येत नाही. त्यामुळे गुण न देता ती माहिती मुलाखतीचा भाग म्हणून वापरली आणि तसे अहवालात स्पष्ट नमूद केले. बुद्ध्यंकाबाबतही हीच खबरदारी लागते. मराठी मुलांसाठी १९३० च्या दशकात बसवलेली बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे, पण तिचे निकष किती जुने आहेत याचा उल्लेख न करता आकडा लिहून देणे मला अप्रामाणिक वाटते.

उपचारांविषयी नवख्यांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. २०२२ अखेर देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. जामीन, बदली, कोर्टाची तारीख यांमुळे कारागृहातला बारा सत्रांचा उपचार गट पाचव्या सत्रातच विस्कटतो. शिवाय 'मी निर्दोष आहे' असे न्यायालयात सांगणाऱ्याकडून गटात गुन्ह्याची कबुली मागणे अन्यायाचे ठरते. त्यामुळे झोप, व्यसन, संताप आणि आत्महत्येचे विचार यांवरच आमचे बहुतांश काम चालते, आणि ते कमी मोलाचे नाही. उपचार म्हटला की फायदाच होतो, हेही गृहीत धरू नये. इंग्लंड आणि वेल्समधील लैंगिक गुन्हेगारांसाठीच्या मुख्य उपचार कार्यक्रमाची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८ टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळले.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते, पण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेली अर्हता आणि परिषदेकडे नोंदणी हवी. नार्को चाचणीच्या आकर्षणाने येणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल आधी वाचावा. संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही.

येरवडा मध्यवर्ती कारागृहात काम करायचे असेल, तर अर्ज लवकर करावा. कारागृह विभागाचे मुख्यालय पुण्यातच असले, तरी परवानगी त्यामुळे लवकर मिळते असे नाही. अर्जासोबत आत न्यायच्या प्रत्येक वस्तूची यादी जोडावी, आणि तीत बुद्धिमत्ता चाचणीचे रंगीत ठोकळे व स्टॉपवॉच यांचा वेगळा उल्लेख करावा. माझ्या यादीत नुसते 'चाचणी साहित्य' होते. दारावरच्या शिपायाने ठोकळे मोजून घेतले, स्टॉपवॉच मोबाइलसोबत बाहेरच ठेवून घेतले आणि वेळेवर गुण द्यायची ती चाचणी मला पुढच्या खेपेवर ढकलावी लागली.