जपानीत नम्रपणे विनंती कशी करावी?

जपानी शिकायला लागलं की ‘कुदासाई’ (‘कृपया द्या’ किंवा ‘कृपया करा’) लवकरच हाताशी येतं आणि आपण ते सगळीकडे लावत सुटतो. व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला ती सूचना वाटू शकते. वर्गात शिक्षक ‘योन्दे कुदासाई’ म्हणतात, म्हणजे ‘वाचा’. तिथे नाही म्हणायला जागाच नसते.

म्हणून आधी बघा, फायदा कुणाचा? पाहुण्याला ‘दोओझो, सुवात्ते कुदासाई’ म्हणजे ‘बसा ना’ म्हणणं अगदी छान, कारण सोय त्याची आहे. दुकानात ‘कोओही ओ कुदासाई’ (कॉफी द्या) हेही चालतं. पण कुणी आपल्यासाठी तसदी घेणार असेल, तर सरळ प्रश्न विचारावा.

१. ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणा आणि थांबा. समोरच्याचं लक्ष आपल्याकडे आल्यावरच पुढे बोला. ऑफिसात ‘इमा, योरोशिइ देस का’, म्हणजे आत्ता वेळ आहे का, हेही विचारा.

२. क्रियापदाचं ‘ते’ रूप घ्या: काइते (लिहून), मिते (बघून). ‘लिहून द्याल का’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही घडण परकी वाटत नाही.

३. आता शेवट निवडा. खरी मेख इथेच आहे. मित्राला ‘मिते कुरेरु?’ (बघशील का?) पुरे. अनोळखी माणसाला फोटो काढायला सांगताना ‘शाशिन ओ तोत्ते मोराएमासेन का’. प्राध्यापक, ग्राहक किंवा वरिष्ठांना ‘मिते इतादाकेमासेन का’ (जरा बघाल का). नकारार्थी प्रश्न जास्त मऊ लागतो, कारण नाही म्हणायची वाट मोकळी राहते. मात्र ‘मोराए’च म्हणा. ‘मोराइमासेन का’ म्हटलंत तर ‘आपण कुणाकडून तरी करून घेऊया का’ असा भलताच अर्थ निघतो.

४. काम मोठं असेल तर वाक्य अर्धवट सोडा. शिफारसपत्र हवं असेल तर ‘सुइसेनजो ओ काइते इतादाकिताइन देस गा…’ (शिफारसपत्र लिहून हवं होतं, पण…) म्हणा आणि गप्प बसा. शेवटचा ‘गा’ म्हणजे आपला ‘पण’. पुढचं समोरच्याने बोलायचं असतं. ही शांतता आपल्याला जड जाते, तरी ती भरून काढू नका.

उत्तर ‘चोत्तो…’ (जरा…) असं रेंगाळलं तर तो नकार समजा. कारण विचारू नका, आग्रह तर मुळीच नको.

काम झालं की ‘आरिगातोओ गोझाइमास’ म्हणालच. पण पुढच्या भेटीत ‘सेन्जित्सु वा आरिगातोओ गोझाइमाशिता’ म्हणून त्या दिवसाचे आभार पुन्हा माना. तिकडे ही रीतच आहे.