कार्डानोच्या घटना समितीसाठी उभं राहायचं असेल तर

कार्डानो या ब्लॉकचेनवरचा एखादा प्रस्ताव चांगला की वाईट, हे तिची घटना समिती (कॉन्स्टिट्यूशनल कमिटी) ठरवत नाही. ते काम डीरेपचं (एडा हे तिथलं चलन बाळगणाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी) आणि स्टेक पूल चालवणाऱ्यांचं (लोकांनी सोपवलेल्या एडाच्या बळावर ब्लॉक बनवणारे). समितीपुढे प्रश्न एकच असतो: हे घटनेत बसतं का? आवडलेल्या प्रस्तावाला ‘नाही’ आणि न पटलेल्याला ‘हो’ म्हणता येत असेल, तरच अर्ज भरा.

त्याआधी घटना आणि तिला जोडलेले गार्डरेल, म्हणजे बदलांवरच्या मर्यादा, पूर्ण वाचा. मग साखळीवरचे, म्हणजे ब्लॉकचेनवरचे, तीन जुने प्रस्ताव निवडा. त्यात एक खजिन्यातून पैसे मागणारा आणि एक पॅरामीटर (नेटवर्कचा एखादा ठरलेला आकडा) बदलणारा असू द्या. प्रत्येकावर कलमाच्या आधाराने पानभर निर्णय लिहा आणि त्यानंतरच समितीने दिलेली कारणं वाचा. चुकतं कुठे, तर गार्डरेलमध्ये. त्यांतली काही साखळीवरची स्क्रिप्टच (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तपासते. ब्लॉकचा मजकूर १,२२,८८० बाइटच्या वर न्यायचा प्रस्ताव ती दारातच अडवते. पण मर्यादेच्या आतली वाढ सुचवण्याआधी पुरेशा चाचण्या झाल्या का, हे स्क्रिप्टला कळत नाही. ते माणसानेच बघायचं. खजिन्याच्या प्रस्तावात आधी मंजूर झालेली निव्वळ खर्चाची मर्यादा काढून ठेवा आणि मागणी धरून बेरीज तिच्या आत राहते का ते स्वतः मांडून बघा.

एकट्याने उभं राहता येतं, गट करूनही. निवडून आलात तरी नाव साखळीवर चढायला समिती बदलण्याचा प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो: एरवी डीरेपची ६७ टक्के आणि पूलवाल्यांची ५१ टक्के मतं, तीही स्टेकच्या, म्हणजे मागे असलेल्या एडाच्या, वजनाने. मुदत जास्तीत जास्त १४६ इपॉक. एक इपॉक पाच दिवसांचा, म्हणजे दोन वर्षं.

चाव्या दोन. कोल्ड की म्हणजे तुमचं सदस्यत्व. ती कधीही इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर बनवा आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हॉट की रोजच्या मतदानाची. कोल्ड कीने सही केलेल्या प्रमाणपत्राने तिला अधिकार द्यायचा. व्यवहार ऑनलाइन संगणकावर तयार करा, पेनड्राइव्हवरून ऑफलाइनवर नेऊन सही करा आणि परत आणून पाठवा. डीरेपसारखी ५०० एडाची अनामत इथे नाही, फक्त व्यवहाराचं शुल्क लागतं. हॉट की फुटली तर कोल्ड कीने नवी नेमता येते. कोल्ड की हरवली तर मात्र तुम्हाला स्वतःला मुदत संपेपर्यंत काहीच बदलता येत नाही. म्हणून आधी घरच्या संगणकावर खासगी टेस्टनेट (सरावाची साखळी) उभं करा, त्याच्या जेनेसिस फाइलमध्ये (सुरुवातीची मांडणी ठरवणारी फाइल) स्वतःलाच समितीवर नेमा आणि चावी बदलण्यापासून राजीनाम्यापर्यंत सगळं एकदा हाताखालून जाऊ द्या.

गट असेल तर सदस्यत्व, हॉट की नेमणं आणि मतदान या तिन्ही कामांच्या सह्या वेगवेगळ्या माणसांकडे द्या. पाच जणांपैकी तिघांच्या सह्या लागणार असतील, तर दिवाळीत तिघं कोण हजर, हे आधीच लिहून ठेवा.

प्रस्ताव सहा इपॉक, म्हणजे सुमारे तीस दिवस जिवंत असतो. पहिल्या आठवड्यात वाचन, दुसऱ्यात मसुदा, तिसऱ्याच्या अखेरीस मत. इपॉक बदलतो भारतीय वेळेनुसार पहाटे सव्वातीनला. ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून रात्री निवांत जेवून बसणाऱ्याचं मत इथेच हुकतं.

मताबरोबर कारणांच्या फाइलचा पत्ता आणि तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जातो. फाइल सीआयपी-१३६च्या (समितीच्या मतांच्या कारणांसाठी ठरलेला नमुना) साच्यात लिहा. ‘नाही’ म्हणताना कलम नेमकं सांगा. ‘घटनेच्या भावनेविरुद्ध’ एवढ्याने प्रस्ताव मांडणाऱ्याला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही, आणि त्याने १,००,००० एडा अनामत ठेवलेली असते. हॅश काढल्यावर फाइलला हात लावू नका. शेवटची एक रिकामी ओळ वाढली तरी हॅश जुळत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की मजकूर मागाहून बदलला. पत्ता १२८ बाइटच्या आत हवा. मजकूर मराठीत खुशाल लिहा, पण फाइलचं नाव देवनागरीत नको: पत्त्यात एकेक अक्षरचिन्ह नऊ बाइट खातं.

गप्प बसणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. सात सक्रिय सदस्य आणि ६७ टक्क्यांची अट असेल, तर पाच ‘हो’ लागतात. दोघं गप्प राहिले की उरलेल्या पाचही जणांना ‘हो’ म्हणावं लागतं. त्याच दोघांनी तटस्थ मत नोंदवलं असतं तर गणती पाचांवर आली असती आणि चार पुरले असते. हितसंबंध गुंतले असतील तर तटस्थ मत द्या आणि का ते लिहा.

झेपत नसेल तर वेळेवर सांगा. सक्रिय सदस्य किमान संख्येच्या खाली गेले, की अविश्वास ठराव आणि समितीतला बदल सोडून काहीच मंजूर होत नाही. तेव्हा बदली सदस्याची तयारी झाल्यावरच राजीनाम्याचं प्रमाणपत्र पाठवा. ते मागे घेता येत नाही, आणि त्या कोल्ड कीने पुन्हा हॉट की नेमता येत नाही.