कोणता रुकी पिचर पुढे स्टार होणार? वाद घालायच्या आधी एवढं बघा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा सीझन सुरू झाला की दरवर्षी तीच चर्चा रंगते, हा नवा पोरगा मोठा पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) होणार की एका सीझनपुरताच चमकणार. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे पिचरच्या बाबतीतही बऱ्यापैकी खरंय, पण आपण भलतीकडेच बघत बसतो, किती मॅच जिंकल्या आणि ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेले रन्स, जितके कमी तितकं चांगलं) किती एवढ्यावरच भांडतो. मी ज्या क्रमाने बघतो तो इथे देतोय.

सगळ्यात आधी नावापुढे वय लिहा. रुकी म्हणजे कोवळा पोरगाच असं नसतं, आधीच्या सीझनमध्ये 50 च्या वर इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन आउट) टाकलेल्या नसल्या आणि 45 दिवसांच्या वर रोस्टरवर, म्हणजे टीमच्या खेळाडूंच्या यादीत, नसला की तो रुकी. शोटा इमानागा 2024 ला शिकागो कब्स टीमकडून आला तेव्हा 30 वर्षांचा होता, जपानमध्ये वर्षानुवर्षं खेळून आलेला, त्याने 15-3 (15 विजय, 3 पराभव) आणि 2.91 ईआरए असा जबरदस्त सीझन काढला. पण तो तयार होऊनच आला होता, त्याची तुलना 21-22 वर्षांच्या पोराशी करायचीच नाही.

दुसरं काम, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) आणि वॉक (चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट मिळणारी पहिली बेस) शेजारी शेजारी मांडा. माझ्या मते अर्ध्याहून जास्त वाद इथेच मिटतो. 2001 मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या वोरोस मॅक्रॅकनने मांडलं की एकदा बॉल बॅटला लागून मैदानात गेला की त्याचा हिट होतो की आउट, यावर पिचरचा ताबा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच कमी असतो, तिथे फील्डर आणि नशीब येतं. स्ट्राइकआउट आणि वॉक मात्र बऱ्याच अंशी त्याचे स्वतःचे.

मार्क फिड्रिच बघा. 1976, डेट्रॉइट टायगर्स, गुडघ्यावर बसून हाताने माउंडची (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची) माती सारखी करायचा, बॉलशी बोलायचा, लोक नुसतं त्याला बघायला गर्दी करायचे. 19-9, ईआरए 2.34, 24 मॅच एकट्याने पूर्ण टाकल्या, रुकी ऑफ द इयर. पण 250 इनिंगमध्ये स्ट्राइकआउट फक्त 97! म्हणजे बहुतेक बॅटर बॉल मैदानात मारतच होते. पुढच्या वर्षी आधी गुडघा आणि मग खांदा गेला, आणि त्यानंतरच्या सगळ्या करिअरमध्ये मिळून तो फक्त 10 मॅच जिंकला. दुखापत झाली नसती तरी 2.34 टिकलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

आता 2024 चे दोन रुकी ऑफ द इयर घ्या. यांकीजचा लुईस गिल, 15 विजय, 171 स्ट्राइकआउट पण 77 वॉक. पायरेट्सचा पॉल स्कीन्स, 11 विजय, 170 स्ट्राइकआउट आणि वॉक 32 च. विजय बघितले तर गिल पुढे, पण एका वॉकमागे गिलचे जेमतेम दोन स्ट्राइकआउट आणि स्कीन्सचे पाचच्या वर, हा फरक प्रचंड आहे. 2025 मध्ये स्कीन्स 10-10 असूनही 1.97 ईआरएवर साय यंग (सर्वोत्तम पिचरचा अवॉर्ड) घेऊन गेला, टीमने रन्सच काढले नाहीत तर पिचर काय करणार?

पण हा आकडा डोळे झाकून लावू नका. ग्रेग मॅडक्सचा 1987 चा सीझन, 6-14, ईआरए 5.61, 101 स्ट्राइकआउटला 74 वॉक, माझ्या हिशोबाने सरळ नापास. पण वय 21! पुढच्याच वर्षी 18 मॅच जिंकला आणि करिअरमध्ये 355. म्हणून म्हटलं वय आधी लिहा, 21 व्या वर्षीचे वॉक माफ करता येतात, 26 व्या वर्षीचे फारसे नाही.

मग एक अख्खी मॅच बघा, हायलाइट नाही. हायलाइटमध्ये प्रत्येक पिचर स्टारच दिसतो. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा काय होतं ते बघायचं, कारण तोवर त्यांना फास्टबॉलचा अंदाज आलेला असतो आणि पिचरकडे तिसरं काहीतरी लागतं. स्कीन्सकडे ताशी 155 किमीच्या पुढचा फास्टबॉल आहेच, पण स्प्लिटर आणि सिंकर यांच्या मधला तो स्प्लिंकर जवळपास 150 ने येतो आणि प्लेटजवळ, म्हणजे बॅटरसमोर, खाली बुडतो, बॅटर वरून बॅट फिरवून मोकळा. फक्त फास्टबॉल आणि स्लायडर (आडवा वळणारा बॉल) यांवर चाललेला रुकी दिसला तर तो चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल) शिकतोय का बघा. बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर कोणता बॉल किती टक्के टाकला, किती स्पीडने टाकला, सगळं फुकट मिळतं.

तिथेच स्पीड महिन्यागणिक तपासा, एकदम दोन-तीन किमी उतरला असेल तर कोपर नाहीतर खांद्याची शंका घ्यायची. केरी वूड 20 वर्षांचा असताना 6 मे 1998 ला त्याने एका मॅचमध्ये 20 स्ट्राइकआउट घेतले, एकही वॉक नाही, तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो, आणि 1999 चा अख्खा सीझन टॉमी जॉन सर्जरीत (कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन) गेला. स्पेन्सर स्ट्रायडरने 2023 ला 281 स्ट्राइकआउट घेतले आणि 2024 च्या एप्रिलमध्येच कोपराचं ऑपरेशन. त्यामुळे पिचरबद्दल छातीठोक बोलताना "हात टिकला तर" हे जोडायचंच.

शेवटी समोरच्याशी आधीच ठरवून घ्या की स्टार म्हणजे नेमकं काय, नाहीतर दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर तासभर भांडता. मी तरी पाच वर्षांत दोनदा साय यंगच्या मतांमध्ये पहिल्या पाचात, असं धरतो. नाव, तारीख आणि मुदत लिहून ठेवा, आणि एप्रिलमध्ये सुरुवातीपासून टाकलेल्या चार-पाच मॅचवर तर अजिबात लिहू नका, निदान 100 इनिंग होऊ द्या.