वयात आलेलं मूल आणि आगीचं वेड : घरच्यांनी काय करावं

बाथरूममधल्या मगाला खालून वितळल्याचा डाग दिसतो. देवघरातली काडेपेटी आठवड्याच्या आत संपते. गच्चीवर टाकीच्या मागे अर्धवट जळलेले कागद आणि प्लॅस्टिकची बुचं सापडतात. घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल तर अंदाज बांधायला फार वेळ लागत नाही.

यावर घरोघरी दोनच गोष्टी होताना दिसतात. एक तर "पोरं करतातच" म्हणून कानाडोळा, नाहीतर थेट कानाखाली. दोन्हींनी काम बिघडतं. आगीची ओढ बहुतेक मुलांना असते, मुलींनाही असते, आणि ती असण्यात वावगं काही नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बर्नर पेटवला की मागच्या बाकावरची मुलंही माना उंच करतात. काळजी करायची ती लपून, एकट्यानं किंवा रागाच्या भरात पेटवलेल्या आगीची. म्हणून आग बंद करण्याआधी तिच्यावरचा पडदा काढावा लागतो. पुढचं सगळं त्या क्रमानंच लिहिलं आहे.

आधी नीट बघा, मग विचारा

डाग दिसला त्या मिनिटाला बोलू नका. काय जळलंय, कुठे, कधी, आणि त्याच्या आदल्या दिवशी घरात किंवा शाळेत काय घडलं होतं, हे एका वहीत लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ही वही फार कामाला येते.

बोलायचं ते दोघंच असताना. आजी-आजोबांसमोर नको, धाकट्या बहिणीसमोर तर नकोच. "का पेटवलंस?" या प्रश्नाला "माहीत नाही" एवढंच उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. त्यापेक्षा असं काहीतरी म्हणून बघा : "बाथरूममधला मग वितळलाय, मी बघितलाय. आत्ता रागवायला आले नाहीये. काय पेटवलंस, कशानं पेटवलंस ते सांग." कसं पेटलं हे सांगायला मुलं तयार असतात. सांगता सांगता बाकीचंही बाहेर येतं : कोण बरोबर होतं, कुठल्या रीलमध्ये बघितलं, कुणावर चिडला होता.

तीन गोष्टी करू नका. चटका देऊ नका. "एकदा भाजलं की शहाणा होईल" ही जुनी समजूत आहे, पण त्यातून मूल पुढच्या वेळी जास्त बेमालूम लपवायलाच शिकतं. सगळी काडेपेटी एका बैठकीत जाळायला लावणं ही दुसरी. त्यानं हौस फिटत नाही, हात मात्र सराईत होतो. आणि भाजलेल्या माणसांचे व्हिडिओ दाखवणं. भित्रं मूल त्यानं रात्री झोपत नाही, आणि धीट मूल तेच व्हिडिओ मित्रांना पाठवतं.

आग त्याच्यासाठी काय करते आहे?

कुतूहलाची आग ओळखायला सोपी. प्लॅस्टिक कसं टपकतं, सॅनिटायझर पेटतं का, फटाक्याच्या आत काय असतं, असे प्रश्न त्यामागे असतात. पकडल्यावर मूल लाजतं, पण विचारलं की उत्साहानं सांगू लागतं.

दुसरी आग टोळक्याची. क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये किंवा टेकडीवर चौघं जमतात, एकाच्या खिशात लायटर असतो, कुणीतरी मोबाइल धरतो. यातला प्रत्येक जण एकटा असताना काडीही ओढणार नाही. इथे आगीबद्दल कमी आणि संगतीबद्दल जास्त बोलावं लागतं.

तिसरी आग दुःखाची किंवा संतापाची, आणि तिच्यावर बारकाईनं लक्ष हवं. आई-वडिलांच्या भांडणानंतर, निकालानंतर, वर्गात कुणी अपमान केल्यावर काहीतरी जळतं. वह्या जळतात, फोटो जळतात, भावाची एखादी वस्तू जळते. ही मुलं पकडली गेल्यावर लाजत नाहीत, गप्प होतात. कधी कधी आग स्वतःच्या अंगावरच येते : पुण्याच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला एकसारखे गोल डाग, "चहा सांडला" हे ठरलेलं कारण. असं दिसलं तर पुढच्या पायऱ्यांची वाट न बघता मदत घ्या. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

हे तीन कप्पे पक्के नसतात. कुतूहलानं सुरू झालेली गोष्ट एखाद्या वाईट महिन्यात रागाच्या कामाला येऊ शकते.

घर आवरा

लायटर, काडेपेटी, मेणबत्त्या एका कुलपाच्या खणात जाऊ देत. स्वयंपाकघरातला ठिणगीचा लायटर हाताशी राहिला तरी चालेल, पण रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. माळ्यावर मागच्या दिवाळीचे फटाके असतात, ते आधी काढा. फटाके सोलून दारू गोळा करणं हा या वयाचा ठरलेला उद्योग आहे आणि त्यात बोटं जातात. रंगकामातून उरलेला थिनर, स्कूटरसाठी बाटलीत आणून ठेवलेलं पेट्रोल हे घरात नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनं पेटून उलट बाटलीपर्यंत येते. मूल म्हणतं, "मी तर लांब उभा होतो," आणि ते खरंच लांब उभं असतं. डिओच्या डब्यात बहुतेक वेळा ब्यूटेन-प्रोपेनसारखा जळणारा वायू असतो. सॅनिटायझरची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे विझलं असं समजून मुलं त्यावर आणखी ओततात. ही माहिती मुलालाही सांगा, अगदी याच शब्दांत. "धोका आहे" या दोन शब्दांनी काहीच कळत नाही.

मग नियम, तोही एकच : आग फक्त घरातल्या मोठ्या माणसासमोर, ठरलेल्या जागी, शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवून. हा नियम बाबांनाही लागू. ते गच्चीत सिगारेट पेटवून लायटर कठड्यावर विसरत असतील, तर मुलाला सांगण्यात अर्थ नाही.

आता आगीला काम द्या

बरेच पालक इथपर्यंत येऊन थांबतात. मुलाची ओढ मात्र जागच्या जागी राहते आणि पुन्हा टाकीच्या मागे जाते. तिला उघड्यावर जागा करून द्या.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. भाकरी तव्यावरून काढून थेट आचेवर फुगवणं, भरताचं वांगं साल काळी पडेपर्यंत फिरवत भाजणं, पापड न करपवता भाजणं : यात आच वाचावी लागते. सुती कपडे, बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले, ओढणी नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांसाठी भाकऱ्या भाजायचं काम नेमून द्या. लायटर लपवून ठेवण्यातली अर्धी गंमत तिथेच जाते.

नंतर रविवारी सकाळी, पंखा बंद करून, स्टीलच्या ताटात मेणबत्ती लावा. ती चांगली पाच मिनिटं जळू द्या, मग हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर चढते. पेटलेली काडी त्या रेघेत, वातीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पेटते, काडी वातीला लागलेलीही नसते. जळते ती मेणाची वाफ, हे एवढ्यानं कळतं. नंतर चहाची स्टीलच्या जाळीची गाळणी चिमट्यानं ज्योतीवर आडवी धरा. ज्योत जाळीखाली थबकते आणि वरून फक्त धूर येतो, कारण जाळी उष्णता ओढून घेते. हंफ्री डेव्हीनं १८१५ मध्ये याच तत्त्वावर खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा केला. जो मुलगा काल मग वितळवत होता, तो आज तासभर इथून उठत नाही. प्रयोग झाल्यावर आवराआवर त्यानंच करायची : काडी पाण्यात बुडवून मगच कचऱ्यात, ताट गार झालं की घासायचं.

घराबाहेरही बघण्यासारखं पुष्कळ आहे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत तांबं लाल होईपर्यंत तापवून, मऊ करून मग ठोकतात, त्या मठारकामाचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. केशवनगरच्या कुंभारवाड्यात पणत्या-माठ भाजले जातात. विचारून गेलं तर कारागीर बोलतात, फक्त कामाच्या वेळी गर्दी करू नका. विज्ञानाकडे कल असेल तर आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुलांसाठी काय उपक्रम चालू आहेत याची चौकशी करा.

आणि एप्रिल चुकवू नका. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. जवळच्या केंद्रात विचारा, सोसायटीत प्रात्यक्षिक ठेवता येईल का ते बघा. सोसायटीच्या जिन्यातलं अग्निशामक यंत्र आपल्या मुलाला वापरता येतं, हे त्याला चारचौघांत दाखवू द्या : पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा, नळी डावी-उजवीकडे फिरवायची. छोटं यंत्र काही सेकंदांतच रिकामं होतं, त्यामुळे पाठ बाहेर जायच्या वाटेकडे ठेवायची, हेही शिकवा. होळीला पाण्याच्या बादल्या आणि वाळूची जबाबदारी त्याच्याकडे द्या.

भाजलं तर

हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यातलं काही लावायचं नाही, फोड फोडायचे नाहीत, चिकटलेला कापड ओढायचा नाही. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा भाग तळहाताहून मोठा असेल तर दवाखाना, रुग्णवाहिकेसाठी १०८. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. जागीच आडवं होऊन लोळायचं. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून वर झाकण, पाणी अजिबात नाही.

टेकडी, गच्ची, पार्किंग

फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडीवरचं गवत वाळून कडक झालेलं असतं. एक काडी पुरते, आणि वारा असेल तर चार मुलं पायानं ती आग विझवू शकत नाहीत. या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, आणि राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलाला हे धमकी म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. आणि एक गोष्ट पक्की करून घ्या : आग हाताबाहेर गेली तर आधी लांब पळायचं, लगेच १०१ किंवा ११२ ला फोन करायचा, मग आईला. "फोन केलास म्हणून मी कधीच रागावणार नाही" हे तुम्ही आधी म्हटलेलं असलं, तरच तो फोन होतो.

सोसायटीत वॉचमन कोपऱ्यात पालापाचोळा जाळत असेल तर तेही थांबवा. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि मुलं बघत असतात.

बाहेरची मदत

आग पुन्हा पुन्हा, एकट्यानं, ठरवून लावली जात असेल. अंगावर चटके असतील. प्राण्याला किंवा दुसऱ्या मुलाला इजा झाली असेल. "मला जगायचंच नाही" असं काही कानावर आलं असेल, तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. मूल स्वतःला इजा करेल अशी भीती त्या क्षणी वाटत असेल तर त्याला एकटं न सोडता तडक मोठ्या रुग्णालयात न्या. एरवी शाळेच्या समुपदेशकापासून सुरुवात करता येते, पण मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ गाठलेले बरे. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आग लावण्याचा स्वतंत्र मानसिक आजार असतो, पण तो फार दुर्मीळ. बहुतेकदा मागे अतिचंचलता, नैराश्य, घरातला किंवा शाळेतला छळ असं काहीतरी निघतं, आणि त्यावर उपाय आहेत. जाताना ती वही घेऊन जा.

कुणाचं नुकसान झालं असेल तर

शेजाऱ्यांच्या स्कूटरचं सीट जळालं असेल तर परस्पर पैसे देऊन मिटवू नका. मुलाला घेऊन त्यांच्या दारात जा. तुम्ही मागे उभे राहा, बोलू त्याला द्या. भरपाईतला काही भाग त्याच्या खाऊच्या पैशातून किंवा कामातून वळता होऊ दे, भले वर्षभर लागेना. त्यानंतर तो विषय जेवताना काढायचा नाही.

"सुट्टीत मामाकडे गावी पाठवून देऊ, डोकं ठिकाणावर येईल" हा उपायही बऱ्याच घरांत निघतो. पाठवायचं तर पाठवा, पण मामाला आधी सगळं खरं सांगा. गावी चूल असते, शेतातल्या पंपाचं डिझेल असतं, गोठ्याला लागून कडब्याची गंजी असते. मामा-मामींना माहीत असलं तर चुलीपुढचं काम ते त्याच्याकडे देतील आणि गंजीकडे लक्षही ठेवतील.